तात्यांचा उतारा

तात्यांच्या घरी दुपारच्या चहाला गेलात तर कप आधी तुमच्या हातात येत नाही, काट्यावर जातो. रिकामा कप ठेवायचा, काटा शून्य करायचा, चहा ओतायचा, आकडा वहीत टिपायचा. मग कप तुमचा. तोवर चहावर साय धरलेली असते. ती तात्या चमच्यानं उचलून बशीत घेतात आणि तीही काट्यावर ठेवतात. काटा साधासुधा नाही, दशांशाची दोन घरं दाखवणारा आहे.

"३.८६. मास्तर, ही तुमच्या नावावर मांडू की टाकून देऊ?"

मी 'टाकून द्या' म्हणतो. साय मला आवडते, पण नावावर मांडलेली साय घशाखाली उतरत नाही.

तात्या म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याचे निवृत्त लॅब इन-चार्ज. नोकरी किती वर्षं केली म्हणून विचारलंत तर ते वर्षं सांगत नाहीत, हंगाम सांगतात. तेहतीस गाळप हंगाम. या माणसाला समजून घ्यायचं तर साखर कारखान्यातला दशांश समजून घ्यायला हवा. उसाला मिळणारा दर उताऱ्यावर ठरतो, म्हणजे शंभर किलो उसातून किती किलो साखर पडली यावर. सरकारी एफआरपी हल्ली १०.२५ टक्के उताऱ्याला धरून जाहीर होते आणि वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला जादा पैसे असतात. आमच्याकडे उतारा बाराच्या घरात जातो. त्यामुळे तुमच्याआमच्या आयुष्यात दशांश चिन्हानंतर फारसं काही घडत नसलं, तरी तात्यांच्या आयुष्यात खरा मजकूर तिथूनच सुरू होतो.

दुसरी गोष्ट म्हणजे 'अननोन लॉस'. उसातून जेवढी साखर आत आली, ती कुठेतरी गेलीच पाहिजे. पोत्यात गेली, बगॅसमध्ये, म्हणजे चिपाडात गेली, मळीत गेली, प्रेसमडमध्ये गेली. पण या चारींची बेरीज केली तरी चिमूटभर साखर सापडत नाही. ती कागदावर अननोन लॉस म्हणून दाखवतात. जगातल्या सगळ्या कारखान्यांत ती असते. तात्यांच्या लॅबमध्ये मात्र ती जरा वाढली की रात्रपाळीची धडगत नसे. "साखरेला पंख फुटले काय? एक तर पाईप गळतोय, नाहीतर तुम्ही खोटं लिहिताय. तिसरं कारण नसतं."

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढं लागणार आहे.

सगळं सुरू झालं ते सोनोग्राफीपासून. रिपोर्टात यकृतावर चरबी निघाली. डॉक्टर म्हणाले, "तात्या, वजन उतरवा. थोडं कमी खा, थोडं चाला." बस्स. दुसरा कुणी असता तर घरी येऊन दोन दिवस भात सोडला असता आणि तिसऱ्या दिवशी दुप्पट खाल्ला असता. तात्यांना राग आला तो 'थोडं' या शब्दाचा. "थोडं म्हणजे किती? माझ्या हाताखालच्या पोरानं रिपोर्टात 'ब्रिक्स थोडा' असं लिहिलं असतं तर मी त्याला गेटबाहेर काढलं असतं."

मग त्यांनी शरीराचा कारखाना करून टाकला. तोंड म्हणजे गव्हाण, पोट म्हणजे मिल, उरलेलं सगळं बॉयलर. बगॅसची उष्णता मोजण्याची त्यांना सवय होतीच. ओलं बगॅस जाळलं तर किलोमागे सव्वादोन हजार किलोकॅलरीच्या आसपास उष्णता निघते. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था बैठं काम करणाऱ्या ६५ किलोच्या पुरुषाला दिवसाला २११० पुरेत म्हणते. तात्यांनी भागाकार केला आणि ते रात्री साडेनऊला माझ्या दारात उभे राहिले.

"मास्तर, माणूस दिवसाला एक किलो चिपाडाएवढासुद्धा जळत नाही हो!"

त्यांच्या आवाजात दुःख होतं. एवढा शिकलासवरलेला, पेन्शनीत निघालेला, दोन मुलींची लग्नं केलेला माणूस, आणि दिवसाचं सरपण किलोच्या आत.

'कॅलरी' म्हणालात तर तात्या तुम्हाला 'किलोकॅलरी' अशी दुरुस्ती सुचवतात. एक किलो पाणी एक अंशानं तापवायला लागते तेवढी ती उष्णता. आपण सगळे 'किलो' गिळून टाकतो. तात्यांच्या मते तिथूनच खाण्यातली बेफिकिरी सुरू होते. त्यांचा देव म्हणजे अ‍ॅटवॉटर. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत या प्राध्यापकानं माणसांना एका बंद खोलीत दिवसच्या दिवस ठेवलं, त्यांच्या अंगातून निघालेली उष्णता मोजली आणि पिष्ट ग्रॅमला ४, प्रथिन ४, स्निग्ध ९ हे आकडे बसवले. बिस्किटाच्या पुड्यावरचे आकडे आजही त्याच वाटेनं येतात. तात्यांच्या देवघरात अ‍ॅटवॉटरचा फोटो नाही, एवढंच. वहिनींनी लावू दिला नाही.

आता सूत्र. निपचित पडून राहिलं तरी शरीर जे जाळतं ते आधी काढायचं. तात्यांनी पहिल्यांदा १९१९ सालचं हॅरिस-बेनेडिक्टचं सूत्र घेतलं. ते १३६ पुरुष, १०३ स्त्रिया आणि ९४ तान्ह्या बाळांना मोजून केलेलं. तात्यांचं वजन ८२ किलो, उंची १६५ सेंटीमीटर, वय ६१. उत्तर आलं १६०७. मग त्यांना १९९० सालचं मिफ्लिन-सेंट जिओर सापडलं. वजनाला १० नं गुणा, उंचीला ६.२५ नं, वयाला ५ नं. पहिल्या दोहोंतून तिसरं वजा करा. पुरुष असाल तर ५ मिळवा. उत्तर १५५१. नवं सूत्र जास्त खरं मानलं जातं आणि तात्या विज्ञाननिष्ठ. तेव्हा ५६ कॅलरी, म्हणजे जवळजवळ अर्ध्या चपातीवर पाणी सोडायला त्यांना एक आख्खा रविवार लागला.

"आणि बाईमाणसाला?" वहिनींनी लसूण सोलता सोलता विचारलं.

"तुमच्यात शेवटी पाच मिळवायचे नाहीत. १६१ वजा करायचे."

"आमच्यात वजाबाकीच," वहिनी म्हणाल्या आणि पुढची पाकळी घेतली.

इथवर सगळं ठीक होतं. घोटाळा होतो तो पुढच्या पायरीवर, आणि माझ्या मते निम्मी माणसं तिथंच घसरतात. आलेल्या आकड्याला हालचालीच्या गुणकानं गुणायचं असतं. बसून राहणाऱ्याला १.२, थोडीफार हालचाल असेल तर १.३७५, मध्यम व्यायामाला १.५५, चांगलं अंग मोडून करणाऱ्याला १.७२५. वजन काटा सांगतो, उंची पट्टी सांगते, वय आधार कार्ड सांगतं. गुणक मात्र ज्याचा त्यानं ठरवायचा. म्हणजे माणसानं स्वतःबद्दल स्वतःच प्रमाणपत्र द्यायचं.

तात्यांनी १.५५ घेतला.

"अहो, १.२ घ्या," वहिनी म्हणाल्या.

"मी रोज रंकाळ्याला जातो."

"स्कूटरवर जाताय."

"तिथं गेल्यावर चालतो."

"बाकापर्यंत."

हे खरं आहे. मी त्या बाकावर त्यांच्या शेजारी बसतो. चार जुने कारखानेवाले जमतात, गेल्या हंगामाचा उतारा काढतात, संचालक मंडळाचा उतारा काढतात, आणि अंधार पडला की उठतात. पण तात्यांच्या हातात मुलानं दिलेलं घड्याळ आहे आणि बोलताना तात्यांचे हात चालतात. संचालक मंडळाचा विषय निघाला की घड्याळ धडाधड पावलं मोजतं. स्टॅनफर्डमध्ये २०१७ साली सात घड्याळं तपासली होती, त्यांतलं कॅलरी मोजण्यात सगळ्यांत बरं निघालं तेसुद्धा २७ टक्क्यांनी चुकत होतं. हे मी तात्यांना सांगितलं. ते म्हणाले, "चुकत असेल. पण कमी दाखवून चुकत असेल."

तर १५५१ गुणिले १.५५, म्हणजे २४०४. त्यातून ५०० वजा, १९०४. रोजचा कोटा मुक्रर झाला. मी गणिताचा मास्तर, मला राहवेना. घरी येऊन मी १.२ धरून गुणाकार केला. १८६१. दोन गुणकांतला फरक ५४३, म्हणजे दिवसाला पाच तोळे तूप. वहिनींचा गुणक खरा असेल तर तात्या उपास करता करता रोज ४३ कॅलरी जास्तीच्या खाणार होते. मी कागद घडी घालून खिशात ठेवला. शेजाऱ्याच्या गुणकात पडू नये.

त्यानंतरचे तीन महिने आमच्या गल्लीनं जे पाहिलं ते सगळं सांगत बसलो तर दिवाळी अंक पुरायचा नाही. पण मिसळीचं सांगितलंच पाहिजे. रविवारी सकाळी तात्या मला मिसळ खायला घेऊन गेले. उसळ, फरसाण, कांदा, लिंबू, ब्रेडच्या स्लाइस आणि वाटीत कट, वर बोटभर लाल तवंग. तात्यांनी पिशवीतून लॅबमधला शंभर मिलीचा काचेचा सिलिंडर काढून टेबलावर उभा केला आणि कट त्यात ओतला.

"खा की तात्या, गार होतंय."

"थांबा. सेटलिंग टाइम."

आजूबाजूची टेबलं खायची थांबली. तेल सावकाश वर आलं, रेघ ठळक झाली. तात्या वाकून, डोळा रेघेच्या पातळीला आणून बघत होते. "अठरा मिली. घनता ०.९२. साडेसोळा ग्रॅम. नवांनी गुणा. १४९. मास्तर, नुसत्या तवंगात दीडशे किलोकॅलरी!"

एवढ्यात गल्ल्यावरचा मालक हात पुसत आला. "साहेब, अन्न खात्यातनं आलायसा काय?"

तात्यांनी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं, पण ते मालकाला खरं वाटलं नसावं. त्यानं पोराला हाक मारली. पाच मिनिटांत टेबलावर ताज्या कटाच्या दोन वाट्या, दही, एक्स्ट्रा फरसाण आणि चार स्लाइस. "हे बी तपासा साहेब. आमच्याकडं सगळं एक नंबर असतंय."

तात्यांनी तपासलं. स्लाइस बुडवून बुडवून तपासलं. बिल कुणी मागितलं नाही, तात्यांनी बळंच दिलं. पण वहीत मात्र एकच प्लेट मांडली.

"आणि त्या दोन वाट्या?"

"तो नमुना," तात्या म्हणाले. "नमुना गाळपात धरत नाहीत."

याच सुमाराला त्यांचा पुतण्या शिकायला कोल्हापुरात आला. वय वीस, उंची १७५, वजन ५८. हातापायांनी चिपाड. त्याला वजन वाढवून दंड करायचे होते. तात्यांना हातात दुसरा कारखाना मिळाला, तोही उलट चालणारा. त्यांनी त्याचं गणित मांडलं आणि कपाळाला हात लावला. पोरगं निपचित पडून १५७९ जाळत होतं. "चोवीस किलोनं हलकं, आणि माझ्यापेक्षा २८ जास्त! नुसतं उंचीचं आणि वयाचं खातंय हो!" तो रोज जिमला जाई, म्हणून त्याला १.५५ रास्तच होता. २४४७. वर ३०० घातले, २७४७. प्रथिनं किलोला १.६ ग्रॅम, म्हणजे ९३. "अंड्यात सहा ग्रॅम," तात्या म्हणाले, "म्हणजे साडेपंधरा अंडी." वहिनींनी सरळ नाही म्हणून सांगितलं. मग डाळ, उसळ, दूध, ताक, फुटाणे आणि अर्धा डझनाच्या आत अंडी असा तह झाला.

पोराला एक गोष्ट तात्यांनी फार चांगली समजावली, ती मी इथं देतो, कारण तेवढ्यापुरता तो माणूस शहाणा होता. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज मित्र डॉ. युडकिन यांचा २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये एक फोटो आला होता. दोघांचाही बीएमआय अगदी एकच, २२.३. दिसायला दोघंही सडपातळ. पण अंगातली चरबी मोजली तर इंग्रजाची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२. "म्हणजे आपला माणूस बाहेरनं ऊस आणि आतनं ढेप," तात्या म्हणाले. "तेव्हा बाळा, नुसतं वजन वाढवशील तर पोट वाढेल. अंगाला काम दे, मग खा." पुतण्यानं शर्ट खाली ओढला. हातापायांनी चिपाड असला तरी बटणांपाशी थोडी ढेप होतीच.

दुधासाठी दोघं रोज संध्याकाळी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जात. म्हैस समोर उभी, धार समोर काढलेली, ग्लासात निम्मा फेस. तात्यांना प्रश्न पडला की फेस मोजायचा कसा. मिलीत मोजलं तर हवेचे पैसे; म्हणून त्यांनी काटाच नेला. म्हशीच्या पायाशी डबा, डब्यावर काटा, काट्यावर ग्लास. गवळी दोन दिवस गप्प राहिला. तिसऱ्या दिवशी म्हैस हलली आणि आकडा फिरला, तेव्हा म्हणाला, "साहेब, म्हशीला शून्य करता येत न्हाई."

तीन आठवडे झाले तरी पोराचा काटा हलेना, उलट अर्धा किलो उतरला. वहीत तर २७०० च्या वर रोजचे आकडे. शोध लावला तो मी, योगायोगानं. पोरगं शिजवलेला भात वजन करत होतं आणि कोष्टकातला कच्च्या तांदळाचा दर लावत होतं. कच्चा तांदूळ शंभर ग्रॅमला साडेतीनशे. शिजला की पाणी पिऊन तोच एकशेतीसच्या आसपास येतो. तीनशे ग्रॅम भाताचे वहीत १०५० मांडले होते, पोटात गेले ३९०. तीन आठवडे पोरगं कागदावर पैलवान होत होतं.

या लाजेतून पुतण्या एक दिवस उठून तालमीत गेला. वस्ताद सत्तरीचे, कान मोडलेले, मांडीवर पंचा टाकून बसलेले. तात्याही मागोमाग वही घेऊन गेले आणि मी गंमत बघायला. वस्तादांनी पोराचं मनगट धरलं, खांद्यावरून हात फिरवला, "झोप किती घेतोस?" विचारलं. सहा तास म्हटल्यावर तोंड वाकडं केलं. तात्या २७४७ चं गणित समजावून सांगू लागले. वस्तादांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मोठा माणूस.

"साहेब, आकडा चांगला हाय. पर त्यो ह्याला ठावं न्हाई," ते पोराकडं बोट दाखवून म्हणाले. "पोरा, दोन आठवडं रोज येवढंच खा. कमी न्हाई, जास्त न्हाई. दर सोमवारी सकाळी मोकळ्या पोटी वखारीच्या काट्यावर हुबा ऱ्हा. वाढलं तर बरोबर चाललंय. न्हाई वाढलं तर एक भाकरी वाढव. पोट सुटलं तर एक काढ अन् शंभर बैठका घाल."

"हे ट्रायल रनसारखंच झालं," तात्या हळू आवाजात मला म्हणाले. त्यांना पटलं होतं. सूत्र कितीही नवं असो, माणसामाणसात दहा टक्के इकडंतिकडं होतंच, हे त्यांनीही वाचलेलं होतं. १५५१ चे दहा टक्के म्हणजे १५५. पण दुसऱ्याच्या बॉयलरला जे लागू ते आपल्याला लागू, असं मानणारा माणूस मी तरी तेहतीस वर्षं मास्तरकी करून पाहिला नाही.

पोरगं भाकरी वाढवून पुढं महिन्यात किलोभर भरलं. त्याचं सोडा.

तात्यांचे नव्वद दिवस संपले तो सोमवार. रोज ५०० कमी, नव्वद दिवसांचे ४५,०००. एक किलो चरबीला ७७०० धरतात. म्हणजे पावणेसहा किलोंच्या वर उतरायला हवे होते. तात्या काट्यावर उभे राहिले. काटा ८३.५.

उतरले नव्हते, दीड किलो चढले होते.

मला निरोप आला, "वही तपासायला या." गेलो तर तात्या पलंगावर, भोवती सहा वह्या. चेहरा हंगाम फसल्यासारखा. आधी त्यांनी वयावर ढकललं. "साठीला चयापचय मंदावतं." मी म्हटलं, २०२१ साली 'सायन्स'मध्ये मोठा अभ्यास आलाय, विशीपासून साठीपर्यंत ते जवळजवळ हलत नाही, साठीनंतर मात्र वर्षाला ०.७ टक्क्यानं घटतं. "तुम्ही एकसष्ट. एकाच वर्षाची घट झाली असणार." त्यांनी ते समासात टिपून ठेवलं.

मग अमेरिकेतला १९९२ सालचा अभ्यास मी हळूच पुढं केला. 'आम्ही काही खात नाही तरी वजन उतरत नाही' म्हणणाऱ्यांच्या एका छोट्या गटाची तपासणी केली, तर ती मंडळी खाणं सरासरी ४७ टक्के कमी सांगत होती आणि हालचाल ५१ टक्के जास्त.

तात्यांनी मान हलवली. "अमेरिकन लोक खोटं फार बोलतात."

हिशेब मात्र त्यांनी प्रामाणिकपणे मांडला. न उतरलेले ४५,००० आणि चढलेल्या दीड किलोचे ११,५५०, भागिले नव्वद. रोजची तफावत ६२८ कॅलरी. त्याखाली लाल शाईनं लिहिलं: अननोन लॉस. मग 'लॉस' खोडून 'गेन' केलं.

संशय पहिल्यांदा स्वयंपाकघरावर गेला. तेलाच्या डब्याचा आरंभीचा साठा, खरेदी, अखेरचा साठा. तूप, गूळ, खोबरं, सगळ्यांचं ऑडिट झालं. आठ दिवस तात्या कट्ट्यापाशी काटा घेऊन उभे. वहिनी एक शब्द बोलल्या नाहीत. त्या अस्सल कोल्हापूरच्या, 'मी येतो, मी जातो' बोलणाऱ्या. पुढच्या सोमवारी त्यांनी कपाळावरची बट मागं सारली, शेंगदाण्याची बरणी उचलली आणि तात्यांच्याच काट्यावर ठेवली.

"मागच्या सोमवारी मी वजन करून ठेवलो हुतो. आज ४२० ग्रॅम कमी हाय. कुटाचं दाणं मी येगळ्या डब्यात ठेवतो. मला दाढा न्हाईत. पोरगं हॉस्टेलला."

तात्या बघत राहिले.

"काटा शून्यावर येईपर्यंत तुमचा हात बरणीत असतोय. भाजी मोजताना येकदा, चपाती मोजताना येकदा, दूध मोजताना येकदा."

"ते... नमुना म्हणून," तात्या म्हणाले.

कुणी हसलं नाही. ४२० भागिले सात, रोज ६०. जुन्या कोष्टकात शेंगदाणे शंभर ग्रॅमला ५६७. रोजचे ३४०. तात्यांनी स्वतःच्या हातानं वहीत मांडले. उरले २८८. मग मी खिशातला तीन महिन्यांचा मळका कागद काढला आणि गुणकाचा विषय निघाला. वहिनी १.२ वर अडून होत्या, तात्या १.५५ वर. शेवटी बाकापर्यंतची पावलं जमेस धरून १.३७५ वर तडजोड झाली. २४०४ चे २१३३ झाले. २७१ तिथं सापडले.

राहिले १७.

आमच्यासारख्यानं वही मिटली असती. ज्या हिशेबात पायाचाच आकडा दीडशेनं इकडंतिकडं होऊ शकतो, त्यात सतरा म्हणजे काय? पण तात्यांना अननोन लॉस शून्य हवा होता. त्यांनी समासातलं टिपण काढलं. साठीनंतर वर्षाला ०.७ टक्का, २४०४ वर. १६.८. "सतरा! बसलं मास्तर, बसलं!" खरं म्हणजे टक्का २१३३ वर काढायला हवा होता, तो पंधरा आला असता. एवढ्या आनंदात मी बोललो नाही. तात्यांनी खाली दुहेरी रेघ मारली, सही केली आणि चहा ठेवायला सांगितला. बिनसाखरेचा, अर्थात, पहिल्या दिवसापासून साखर बंद आहे.

वहिनींनी आधण ठेवलं. मी पाणी प्यायला आत गेलो होतो. त्यांनी डब्यातून एक छोटा चमचा साखर घेतली, पातेल्यात टाकली, आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तेहतीस वर्षं साखर करून आलेला माणूस. त्याला फिक्का चा मी कसा देऊ?"

काटा तिथंच होता. वहिनी कप घेऊन बाहेर गेल्यावर मी तोच चमचा सपाट भरून ठेवून बघितला. ४.२५ ग्रॅम. पिष्टाला ग्रॅममागे किती धरायचे, ते वर अ‍ॅटवॉटरच्या ठिकाणी आलेलं आहे.